कचरा-पुनर्प्रक्रिया कंपनीने उत्सवाला ‘सहकार्य’ देऊ केले आहे. स्वीकारावे का, आणि कोणत्या अटींवर?

प्रश्न – संघ-सचिव, कोथरूड

मंडळी, नमस्कार.

कोथरूडमधील एका नागरिक संघाचा मी यंदा सचिव आहे. चार सोसायट्या आणि त्यांना लागून असलेली एक जुनी चाळ मिळून आम्ही गणेशोत्सव साजरा करतो. उत्सव दहा दिवसांचा असला तरी खरी धांदल तीनच दिवस असते. पहिल्या रविवारी मुलांच्या स्पर्धा आणि रक्तदान शिबिर, सातव्या दिवशी महाप्रसाद, आणि शेवटी विसर्जन. महाप्रसादाला साधारण आठशे पाने उठतात.

यंदा पिरंगुटच्या बाजूला सुक्या कचऱ्याचे वर्गीकरण करून गठ्ठे बांधणाऱ्या एका कंपनीने आपण होऊन पत्र पाठवले आहे. या तीन दिवसांसाठी रंगीत डब्यांचे संच, कचरा उचलायला एक टेम्पो, दहा मुले आणि मांडवाच्या भाड्याचा काही भाग भरून निघेल इतकी रोख रक्कम द्यायला ती तयार आहे. त्या बदल्यात कंपनीचे नाव कमानीवर आणि कार्यक्रमपत्रिकेवर असावे आणि ‘उत्सवातील सर्व सुका कचरा फक्त कंपनीच्या ताब्यात द्यावा’, अशी अपेक्षा आहे. पत्राच्या शेवटी ‘आपण मिळून शून्य कचरा उत्सव साजरा करू’ असे ठळक अक्षरांत लिहिले आहे.

समितीत दोन तट पडले आहेत. खजिनदारांचे म्हणणे असे की, वर्गणीसाठी जिने चढून आपले गुडघे गेले, आणि इथे कोणी कचरा नेऊन वर पैसेही देत आहे, तर विचार कसला करायचा? दुसऱ्या बाजूच्या ज्येष्ठांना ‘कचरेवाल्यांचे नाव बाप्पाच्या कमानीवर’ ही कल्पनाच रुचलेली नाही. मला ही दोन्ही कारणे अपुरी वाटतात, पण तिसरे कारण नेमके मांडता येत नाही. ज्यांनी असे सहकार्य घेतले आहे किंवा दिले आहे, त्यांनी अनुभव सांगावा. पत्रावर उत्तर पाठवण्यापूर्वी काय विचारून घ्यावे, हे मला प्रामुख्याने हवे आहे.

उत्तर १ – कचरावेचकांसोबत काम करणारी, सहकारनगर

सचिव महोदय, तुम्हाला जे तिसरे कारण सापडत नाही, ते पत्रातल्या ‘सर्व सुका कचरा फक्त कंपनीच्या ताब्यात’ या शब्दांत आहे. कमानीवरच्या नावाचा निर्णय तुमच्या समितीने खुशाल घ्यावा, कारण त्याने कोणाच्या पोटावर पाय येत नाही. या अटीने मात्र येतो.

तुमच्या सोसायट्यांमध्ये रोज सकाळी दारोदार येणारी ताई बहुधा ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेची सभासद असेल. पुण्यातील कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना १९९३ साली उभी राहिली, तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ घडली आणि २००८ पासून महापालिकेशी झालेल्या करारानुसार तिचे सभासद घरोघरचा कचरा गोळा करू लागले. त्यांच्या मिळकतीचे भाग दोन. एक म्हणजे प्रत्येक घराकडून मिळणारे मासिक शुल्क, आणि दुसरा म्हणजे त्या कचऱ्यातून निवडून विकलेले भंगार. शुल्क काही घरे वेळेवर देतात, काही ‘पुढच्या महिन्यात’ म्हणतात. भंगाराचे पैसे मात्र दुकानात वजन झाले की हातात पडतात. त्यामुळे पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या, कडक प्लास्टिक, पत्रा यांना तुम्ही कचरा म्हणत असलात तरी तो तिचा दुसरा पगार आहे.

आता उत्सवाच्या तीन दिवसांत काय घडेल ते पाहा. एरवी तुमच्याकडे न निघणाऱ्या प्रमाणात बाटल्या आणि फरसाण-मिठाईची खोकी त्याच दिवसांत निघतील आणि ती टेम्पोत चढतील. महाप्रसादाचे खरकटे, चिकट द्रोण आणि भिजलेले निर्माल्य दुसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या ढकलगाडीत येईल. म्हणजे वर्षातले सर्वांत जड काम तिच्याकडे, आणि वर्षातला सर्वांत चांगला माल दुसऱ्याकडे. कंपनीचा हेतू वाईट असेलच असे मी म्हणत नाही. पुष्कळदा त्यांना ही साखळी ठाऊकच नसते, किंवा ठाऊक असूनही कोणी विचारत नाही म्हणून ती पत्रात लिहिली जात नाही.

माझी सूचना अशी की, अट उलटी करून पाहावी. जे विकले जाते ते ताईचे, आणि जे विकले जात नाही ते उचलून योग्य ठिकाणी पोहोचवणे हे कंपनीचे सहकार्य. वेफर्सच्या चकचकीत पिशव्या, बिस्किटांची वेष्टने, चहाचे कागदी कप, आतून चंदेरी थर दिलेले द्रोण यांना भंगाराच्या दुकानात कोणी विचारत नाही. ते वेगळे साठवून सिमेंटच्या भट्ट्यांपर्यंत इंधन म्हणून पाठवायचे, तर गाडी आणि ठरावीक साठा लागतो, आणि तेवढी ऐपत कंपनीचीच असते. या अटीवर कंपनी ‘हो’ म्हणाली, तर तिचे नाव कमानीवरच काय, आरतीनंतरच्या घोषणेतही घ्यावे.

आणि एक. पत्राला उत्तर देण्यापूर्वी ताईशी बोला. समितीच्या बैठकीला तिला बोलावून मागे खुर्चीवर बसवणे म्हणजे बोलणे नव्हे. सकाळी ती गाडी लावून वर्गीकरण करत असते, तिथे जाऊन दहा मिनिटे उभे राहा.

उत्तर २ – मांडवातला माणूस, शनिवार पेठ

वरील उत्तराशी सहमत आहे. मी आमच्या मंडळाचा अनुभव सांगतो. कंपनीचे नाव घेत नाही, कारण त्यात आमचाही वाटा तेवढाच होता.

काही वर्षांपूर्वी आम्हालाही असेच पत्र आले होते. आम्ही आनंदाने होकार दिला. महाप्रसादाच्या दिवशी मांडवाच्या तोंडाशी हिरवा, निळा आणि काळा असे तीन चकचकीत डबे उभे राहिले, त्यांच्यासमोर नगरसेवकांसह छायाचित्रे झाली आणि पंगत सुरू झाली. जेवून उठलेल्या माणसाच्या एका हातात पत्रावळ, दुसऱ्या हातात ग्लास, कडेवर पोर आणि मागे रांग असते. तो डब्यावरची अक्षरे वाचत बसत नाही. जो डबा जवळ, त्यात सगळे जाते. तासाभराने मी तिन्ही डब्यांत डोकावलो, तेव्हा तिन्हींत वरण-भात, द्रोण, अर्ध्या भरलेल्या बाटल्या आणि एका डब्यात कोणाची तरी चप्पल होती.

कंपनीची मुले चांगली होती, परंतु ती नऊ वाजता गेली, कारण त्यांची पाळी संपली होती. टेम्पोवाल्याने वरवरच्या बाटल्या आणि खोकी काढून घेतली आणि ‘ओल्याचे आमच्याकडे नाही’ असे सांगून बाकी सर्व तिथेच सोडले. रात्री पाऊस आला. सकाळी कुत्र्यांनी पिशव्या फाडलेल्या, खरकटे गल्लीच्या उतारावरून वाहत पार गटारापर्यंत गेलेले, आणि महापालिकेच्या आरोग्य कोठीवरचे मुकादम आमच्या अध्यक्षांच्या दारात उभे. आठवड्याने कंपनीच्या पानावर आमच्या मांडवाचे छायाचित्र ‘शून्य कचरा’ या मथळ्याखाली झळकले. आमच्या अध्यक्षांनी त्या दिवशी चहा सोडला, इतकेच सांगतो.

पुढच्या वर्षी आम्ही कोणाचेही सहकार्य न घेता एकच बदल केला. डबे पाच-सहा ठिकाणी न ठेवता बाहेर पडायच्या एकाच वाटेवर एक टेबल मांडले. टेबलामागे आमचीच दोन माणसे. एकाने पत्रावळ घ्यायची, पिंपाच्या काठावर उलटी आपटून खरकटे आत पाडायचे आणि रिकामी पत्रावळ बारदानात टाकायची. दुसऱ्याने बाटली घ्यायची, उरलेले पाणी बादलीत ओतायचे, बाटली पिळायची, झाकण लावायचे. लोकांनी फक्त हातात द्यायचे. पहिल्या अर्ध्या तासात लोकांना संकोच वाटतो, नंतर सवय होते. आमच्या ढोलपथकातल्या दोन मुलींनी हे काम केले. त्यांच्या म्हणण्यानुसार ढोलापेक्षा यात हात जास्त दुखतात.

म्हणून डबे किती देणार, हे कंपनीला विचारूच नका. पंगत संपेपर्यंत किती माणसे उभी राहणार, ती किती वाजता जाणार, ओले कोण उचलणार आणि त्याच रात्री उचलणार का, एवढे विचारा आणि उत्तर लेखी घ्या. रक्तदान शिबिराचा कचरा मात्र यात अजिबात येऊ देऊ नका. सुया, कापूस आणि नळ्या रक्तपेढीने स्वतःच परत न्यायच्या असतात, आणि ते न्यायला विसरले तर त्यांना तिथेच थांबवा.

उत्तर ३ – गठ्ठेवाला, भोसरी

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूचा. माझा सुक्या कचऱ्याचा लहानसा उद्योग आहे, आणि गेली काही वर्षे आम्ही शाळांची स्नेहसंमेलने, सोसायट्यांचे कार्यक्रम, पालखीच्या मुक्कामाच्या वेळचे अन्नदान अशा ठिकाणी मदत करतो. त्यामुळे आम्ही हे का करतो, ते सरळ सांगतो.

उत्सवातल्या कचऱ्यातून आम्हाला पैसा सुटत नाही. न पिळलेल्या बाटल्यांनी टेम्पो डोळ्यांना भरलेला दिसतो, पण काट्यावर घेतला की डिझेलही वसूल होत नाही, कारण आम्ही जे वाहून नेतो त्यात बहुतेक हवा असते. पुठ्ठ्याला भाव असतो, परंतु भाद्रपदात तो कोरडा मिळणे हे नशीब, आणि भिजलेल्या पुठ्ठ्याचा भाव पडतो किंवा गिरणी तो परत पाठवते. आम्हाला खरे हवे असते ते सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांशी ओळख आणि त्यातून वर्षभराचे काम. यात लपवण्यासारखे काही नाही. किराणा दुकानदार पत्रिकेत जाहिरात देतो, तसेच आमचे आहे. म्हणून ‘सर्व सुका कचरा फक्त आम्हाला’ या अटीचा मलाही अर्थ लागत नाही. ती बहुधा मोठ्या गिऱ्हाइकांशी करायच्या कराराच्या मसुद्यातून जशीच्या तशी उचलली असावी. तुम्ही ती खोडून पाठवलीत तर शहाणा माणूस वाद घालणार नाही. घातला, तर तुम्हाला तुमचे उत्तर मिळाले.

आता थोडे कामाचे. बाटली आमच्याकडे आली की झाकण, वेष्टन आणि बाटली हे तीन वेगळे पदार्थ असतात. बाटली ‘पेट’ या प्लास्टिकची, झाकण दुसऱ्या जातीच्या प्लास्टिकचे. पुढे कारखान्यात चुरा करून पाण्यात सोडला की पेट तळाला बसते आणि झाकणाचा चुरा वर तरंगतो, म्हणून झाकण लावलेले असले तरी चालते. स्वच्छ पेटचा पुढे धागा निघतो. बाटलीला वरणाचा हात लागला असेल किंवा तिच्यात पानाची पिचकारी असली तर मात्र तो सगळा माल खालच्या प्रतीत जातो. उत्तर २ मधील पिळणाऱ्या मुलींना माझा नमस्कार, कारण त्यांनी आमचे अर्धे काम केले आहे.

चहाचे ‘कागदी’ कप कागदाचे नसतात, म्हणजे नुसत्या कागदाचे नसतात. आत प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे साधी कागद गिरणी ते घेत नाही. यंत्रावर दाबलेल्या कित्येक पत्रावळींचीही तीच गत आहे. वर पान दिसते, पण खाली पारदर्शक कागद चिकटवलेला असतो आणि तो खतात कुजत नाही. कोपरा नखाने सोलून पाहिला की समजते. पळसाच्या पानांची, काड्यांनी टाचलेली पत्रावळ मिळाली तर उत्तम, नाहीतर आठशे पानांसाठी स्टीलची ताटे भाड्याने घेऊन धुण्याची मजुरी द्यावी. कंपनी रोख रक्कम देणारच असेल, तर तिला मांडवाच्या भाड्याऐवजी ताटांचे भाडे आणि पिण्याच्या पाण्याचे मोठे जार द्यायला सांगा. जो कचरा झालाच नाही त्याचे वर्गीकरण करावे लागत नाही. मी माझ्या धंद्याच्या विरोधात बोलतो आहे हे मला कळते.

कमानीविषयी एक खबरदारी. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या ज्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, त्यांत प्लास्टिकची ताटे, ग्लास, चमचे यांच्याबरोबर सजावटीचे थर्माकोल आणि १०० मायक्रॉनपेक्षा कमी जाडीचे पीव्हीसीचे फलकही आहेत. महाराष्ट्रात थर्माकोलच्या ताटांवरची बंदी तर २०१८ पासूनची आहे. कचऱ्याच्या कंपनीचे नाव पातळ फ्लेक्सवर छापून उत्सवाच्या कमानीला लावलेले मी स्वतः पाहिले आहे. कापडावर रंगवून घ्या. पुढच्या वर्षी तीच कमान वापरता येते, आणि कंपनी बदलली तर नावाची पट्टी तेवढी उसवायची.

उत्तर ४ – हिशेबनीस, पौड रस्ता

पैशांपुरते बोलतो. कंपनीने पत्रात ‘सामाजिक दायित्व निधी’ असा शब्द वापरला असेल, तर तो तपासून घ्यावा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार असा निधी खर्च करण्याचे बंधन आधीच्या वर्षात ५०० कोटी रुपयांचे नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एखादी मर्यादा गाठणाऱ्या कंपन्यांनाच लागू होते. शिवाय स्वतःच्या मालाच्या किंवा सेवेच्या प्रसिद्धीसाठी दिलेले प्रायोजकत्व त्यात धरले जात नाही, आणि एकदाच होणाऱ्या कार्यक्रमांवरचा खर्चही त्यात बसत नाही, असे केंद्राने जून २०१४ च्या परिपत्रकात स्पष्ट केले होते. कमानीवर नाव लावायचे म्हणजे ते प्रायोजकत्व झाले. पावतीवर ‘देणगी’ न लिहिता तसेच लिहावे, आणि रोख न घेता धनादेश घ्यावा. तुमचा संघ नोंदणीकृत विश्वस्त संस्था नसेल, तर वर्गणी गोळा करण्यासाठी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची कलम ४१ क खालची परवानगी तुम्ही घेतच असाल. ही रक्कमही त्याच हिशेबात दाखवावी लागेल.

जाता जाता आणखी एक. शंभरांहून अधिक लोकांचा कार्यक्रम परवाना नसलेल्या जागेत घ्यायचा असेल, तर किमान तीन कामाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवणे आणि कचरा वेगळा करून ठरलेल्या यंत्रणेच्या हाती देणे, ही जबाबदारी २०१६ च्या घनकचरा नियमांनी आयोजकावर टाकली होती. कंपनी आली म्हणून ती कंपनीवर जात नाही. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन पोच घ्या. मुकादम दारात आले तर ती दाखवता येते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर – संघ-सचिव, कोथरूड

सर्वांचे मनापासून आभार. काय झाले ते कळवतो.

उत्तर १ मधील सल्ल्याप्रमाणे मी परवा सकाळी पार्किंगच्या कोपऱ्यात गेलो. ताई गोणीवर बसून दुधाच्या पिशव्या वेगळ्या करत होत्या. त्या आमच्याकडे नऊ वर्षे येत आहेत आणि मी त्यांच्याशी प्रथमच दोन मिनिटांपेक्षा जास्त बोललो, हे लिहिताना मला संकोच वाटतो. कंपनीचे पत्र वाचून दाखवल्यावर त्या रागावतील असे वाटले होते. त्यांनी शांतपणे विचारले, “दहा पोरं येणार, त्यांना जेवण कोण देणार? आणि आमच्या दोघीतिघी आल्या तर त्यांना?” गेली नऊ वर्षे महाप्रसादाच्या दुसऱ्या दिवशी त्या आपल्या जावेला आणि भाचीला बरोबर आणत होत्या, आणि त्या दोघींना आम्ही एक पैसाही दिलेला नाही, हे मला तेव्हा समजले. समितीत कोणालाच ते ठाऊक नव्हते.

बाटल्यांविषयी त्यांची तक्रार निराळीच निघाली. कंपनीने नेण्याआधीच त्या जातात, असे त्या म्हणाल्या. महाप्रसादाच्या रात्री भरलेल्या गोण्या मांडवामागे राहतात आणि पहाटेपर्यंत कोणीतरी त्या उचलून नेते. पुठ्ठा राहतो, पण तो भिजून.

काल बैठक झाली. कंपनीला पाठवायच्या उत्तराचा मसुदा असा ठरला की, विकला जाणारा सुका माल ताईंचा, न विकला जाणारा कंपनीने न्यावा. निर्माल्य आणि खरकटे सोसायटीच्या आवारातील खड्ड्यांत जिरेल तेवढे आम्ही जिरवू आणि उरलेले त्याच रात्री उचलण्याची व्यवस्था कंपनीने करावी. मांडवाच्या भाड्याऐवजी स्टीलच्या ताटांचे भाडे आणि ताईंसह तिघींची दोन दिवसांची मजुरी धनादेशाने द्यावी. आणि किती वजन कुठे गेले याचा कागद पंधरा दिवसांत मिळेपर्यंत ‘शून्य कचरा’ हे शब्द कोणीही कुठेही वापरू नयेत. हे शेवटचे कलम खजिनदारांनी सुचवले, याचे मलाच आश्चर्य वाटले.

कमानीवरच्या नावावर पाऊण तास वाद झाला. कापडी कमानीवर, सराफ आणि मिठाईवाल्यांच्या नावांच्या ओळीत आणि त्याच आकाराच्या अक्षरांत कंपनीचे नाव घालायचे, असे ५ विरुद्ध ४ मतांनी ठरले. ज्या काकांचा सर्वांत जास्त विरोध होता, त्यांनी बैठक संपल्यावर मला बाजूला घेऊन विचारले की, मग ताईंचे नाव का नाही. मी ते ताईंना विचारले. नाव नको, असे त्या म्हणाल्या. तळमजल्यावरची सायकलींची बंद खोली त्या रात्रीपुरती गोण्या ठेवायला मिळाली तर बरे होईल.

खोली दिली आहे. एक किल्ली रखवालदाराकडे आणि एक ताईंकडे राहील. कंपनीचे उत्तर अजून आलेले नाही.